पेटी माळ्यावरून खाली उतरवा

नमस्कार. गेली अनेक वर्षे माझ्या दवाखान्यात एक ठरावीक फोन येतो. अपॉइंटमेंटची वेळ उलटून गेलेली असते आणि पलीकडून दमलेला आवाज येतो, "डॉक्टर, मनी पलंगाखाली जाऊन बसलीय, काही केल्या बाहेर येत नाही. आज राहू द्या, पुढच्या आठवड्यात आणते." तो पुढचा आठवडा बहुधा उजाडतच नाही. मग मांजर येते तेव्हा तीन दिवसांचे उपाशी असते, किंवा बोका असेल तर त्याची लघवी कालपासून तुंबलेली असते. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांतच जिवावर बेतते. घरात मांजराला दवाखान्यात न्यायची पेटी आहे, पण ते तिच्यात बसत नाही, एवढ्या कारणाने उपचाराला उशीर झालेला मी वारंवार पाहिला आहे, म्हणूनच आज केवळ या एका विषयावर बोलायचे मी ठरवले.

मांजराच्या बाजूने थोडा विचार करून पाहा. पेटी वर्षभर माळ्यावर धूळ खात असते. ती खाली आली की मागोमाग दुचाकीचा धक्का, हॉर्नचे आवाज, अनोळखी कुत्र्यांचा वास आणि शेवटी सुई, हा क्रम ठरलेला असतो. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. मग दोनदा असा अनुभव घेतलेले मांजर माळ्याच्या दाराची कडी वाजताच फ्रिजमागे शिरले, तर त्याला हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. ते घाबरलेले असते. शिवाय ही भीती घरापुरती राहत नाही. झटापट करून आणलेल्या मांजराच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढलेला असतो, रक्तातील साखरसुद्धा इतकी चढलेली असू शकते की मधुमेहाची शंका यावी. घरी झालेली ओढाताण अशी माझ्या तपासणीत उतरते.

पेटी कोणती घ्यावी, हे थोडक्यात सांगतो. कडक प्लास्टिकची, पुढून आणि शक्य असल्यास वरूनही उघडणारी, आणि बाजूच्या क्लिपा काढल्या की वरचा अर्धा भाग सुटा होणारी पेटी सर्वांत सोयीची. आत मांजराला उभे राहता आणि वळता आले पाहिजे. अशा पेटीचे झाकण उचलून, मांजराला खालच्या भागात त्याच्या ओळखीच्या कापडावर बसू देऊन, मी बरीचशी तपासणी करू शकतो. पाठीवर अडकवायच्या, पारदर्शक घुमटाच्या पिशव्या दिसायला छान असतात, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्या आतून तापतात. भाजीच्या पिशवीत किंवा चेनच्या कापडी बॅगेत तर मांजर कधीच नेऊ नये. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची भाटी सिग्नलला थांबलेल्या रिक्षातून, शेजारच्या ट्रकचा हॉर्न वाजताच, बॅगेची चेन नखांनी सरकवून उडी मारून गेली. ती पुन्हा सापडली नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पेटीचा मांजराच्या मनातला अर्थ बदलायचा असेल, तर ते काम कुठेही जायचे नसते त्या दिवसांत करावे लागते. पेटी माळ्यावरून उतरवा, धुऊन उन्हात वाळवा, झाकण आणि दार काढून ठेवा, आणि खालचा भाग मांजर एरवी जिथे झोपते तिथेच मांडा. त्यात त्याच्याच अंथरुणावरचे, न धुतलेले कापड घाला, कारण स्वतःच्या वासाची जागा मांजराला आपली वाटते. मग रोज आतमध्ये त्याच्या आवडीचे काहीतरी ठेवा: कांदा-लसूण आणि मीठ न घालता उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, किंवा मीठ धुऊन काढलेली चिमूटभर सुकट. पहिल्या दिवशी ते मान लांब करून, मागचे पाय बाहेरच रोवून, तो तुकडा ओढून पळेल. पळू द्या. त्याला आत ढकलायचा मोह त्या क्षणी आवरला, तर चार-सहा दिवसांत मागचे पायही आत येतात, आणि एखाद्या दुपारी ते तिथेच अंगाचे वेटोळे करून झोपलेले दिसते. तेव्हाच झाकण बसवावे, मग दार लावून लगेच उघडावे, मग दार बंद असताना खाऊ द्यावा, नंतर पेटी उचलून खोलीत चार पावले फिरून पुन्हा जागेवर ठेवावी. कोणत्याही टप्प्यावर ते बिचकले, तर एक पायरी मागे यावे. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ मांजरे होती. त्यांतील निम्म्यांना सहा आठवड्यांत २८ सत्रांमधून पेटीची सवय लावली होती. या मांजरांमध्ये गाडीतल्या प्रवासाचा ताण कमी आढळला आणि त्यांची तपासणीही लवकर उरकली. सहा आठवडे ऐकून घाबरू नका. एका सत्राला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ पुरतो.

पण आजच निघायचे असेल आणि सवय नसेल तर? अशा वेळी आधी खोली तयार करावी, मांजराला त्यानंतरच हात लावावा. लहान खोली निवडा, खिडक्या बंद करा, पलंगाखालची फट उशा-गाद्यांनी बुजवा, पेटी अगोदरच आत नेऊन ठेवा आणि मगच मांजराला तिथे आणा. पेटी मागच्या बाजूवर उभी करून भिंतीला टेकवा, म्हणजे दार आकाशाकडे उघडे राहील. आंघोळीचा मोठा टॉवेल घ्या, मांजराच्या समोरून न येता मागून, गुडघ्यावर बसून, तो त्याच्या पाठीवर पसरा आणि दोन्ही बाजू छातीखाली ओढून घ्या. पुढचे पाय टॉवेलच्या आत आणि नाक मोकळे राहिले पाहिजे. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, असे अंगाशी धरून उचला आणि आधी मागचे पाय पेटीत सोडा. डोके पुढे करून अंधाऱ्या भोकात शिरायला मांजर चारी पाय फाकवून विरोध करते. मागून आत सरकताना हा विरोध बराच कमी होतो. टॉवेल काढून घेऊ नका, तो आतच राहू द्या. दार लावा आणि पेटी सावकाश आडवी करा.

मानगुटीला धरून लोंबकळत उचलणे आपल्याकडे सर्रास चालते. मांजरी पिल्लांना तसे नेते, हे खरे, पण पिल्लू मूठभर वजनाचे असते. चार-पाच किलोंच्या बोक्याला त्यात वेदना होते आणि भीती आणखी वाढते. पूर्वी मीही मांजरे अशीच धरत असे, आणि ते चूक होते. झाडूने ढोसून पलंगाखालून हुसकावणेही टाळा. पाच मिनिटांत जमले नाही आणि आजार तातडीचा नसेल, तर थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. मांजराला शांत ठेवणारे, निघण्यापूर्वी दोन-तीन तास द्यायचे गॅबापेन्टिनसारखे औषध मिळते, मात्र त्याचा डोस मांजराचे वजन आणि मूत्रपिंडांची स्थिती पाहून डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. घरातली माणसांची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणे ठरते. झटापटीत चावले किंवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजराच्या दातांची जखम दिसते बारीक, पण खोल जाते आणि पिकते. रेबीजची लसही डॉक्टरांना विचारून घ्या.

वाटेत पेटीवर पातळ सुती कापड टाका, हवेसाठी एक बाजू उघडी ठेवा. पेटी मुठीने धरून झुलवत नेऊ नका, तळाखाली हात द्या. रिक्षात मांडीवर सपाट धरा, मोटारीत पुढच्या सीटच्या मागे तळाशी ठेवा. दवाखान्यात ती जमिनीवर ठेवली, तर कुत्र्यांची नाके थेट दारापाशी येतात, म्हणून खुर्चीवर ठेवा.

घरी परतल्यावर दार उघडून बाजूला व्हा आणि मांजराला आपणहून बाहेर येऊ द्या. घरात दुसरे मांजर असेल, तर दवाखान्याच्या वासामुळे ते आपल्याच सोबत्यावर फिसकारू शकते. काही तास दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. पेटीतले कापड बदलून त्याचे नेहमीचे कापड घाला, पेटी पुन्हा त्याच कोपऱ्यात, दार उघडे ठेवून मांडा, आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी कोंबडीचा एक तुकडा आत ठेवून द्या.