धमनीच्या फाट्यावर स्टेंट बसवताना

श्रोतेहो, कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी जेथे केली जाते त्या खोलीतल्या, पडद्यावर हलणारी जी काळी रेघ आपण अँजिओग्राफी म्हणून ओळखतो, ती धमनीत सोडलेल्या डायची क्ष-किरणांतली सावली असते. डाय जेथून वाहते ती पोकळी तीत दिसते. धमनीची भिंत, भिंतीत साठलेली चरबी आणि कॅल्शियम यांचा मात्र तीवरून फार तर अंदाज येतो. सरळ धमनीत एवढ्यावर पुष्कळदा निभावते. जेथे धमनीला फाटा फुटतो तेथे दोन नळ्यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात आणि अडथळा मुख्य धमनीत आहे, शाखेच्या तोंडाशी आहे की दोन्हीकडे, हे कॅमेऱ्याचे कोन बदलून बदलून अजमावावे लागते. अँजिओप्लास्टीच्या साधारण पंधरा ते वीस टक्के प्रकरणांत अडथळा अशा फाट्यावर, म्हणजे बायफर्केशनवर, असतो.

फाट्याची अडचण मुळात मापांची आहे. मुख्य कालव्यातून चारी फुटली की पुढच्या कालव्याचा काट लहान होतो, तसा शाखा निघाल्यानंतर धमनीचा व्यास कमी होतो. पुढची धमनी ३ मिलिमीटर आणि शाखा अडीच मिलिमीटर असेल, तर फिने या संशोधकांच्या सूत्राप्रमाणे (दोन्ही व्यासांची बेरीज गुणिले ०.६७८) मागची, म्हणजे फाट्याआधीची, धमनी सुमारे ३.७ मिलिमीटर भरते. स्टेंट मात्र एकाच व्यासाची जाळीदार नळी म्हणून आत जातो. म्हणून तो पुढच्या मापाने निवडायचा आणि मागचा भाग मोठ्या, आखूड बलूनने पुन्हा फुलवायचा, अशी रीत आहे. तिला पीओटी (प्रॉक्सिमल ऑप्टिमायझेशन टेक्निक) म्हणतात. हे फुलवणे राहून गेले, तर जाळी भिंतीपासून सुटी राहते आणि पुढच्या वेळी वायर घालताना ती जाळी व भिंत यांच्या फटीतून जाऊ शकते. अशा वायरवरून बलून फुगवला की जाळी चिरडली जाते, आणि अँजिओग्राफीत हे सारे ठाकठीक दिसू शकते.

आतून पाहण्याची साधने दोन आहेत. आयव्हीयूएसमध्ये (इंट्राव्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंड) कॅथेटरच्या, म्हणजे धमनीत सरकवायच्या बारीक नळीच्या, टोकाशी ध्वनिलहरींचे यंत्र असते. त्याची नजर भिंतीत खोलवर जाते, पण सूक्ष्म भेद करण्याची क्षमता शंभर मायक्रॉनच्या आसपास थांबते. ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) अवरक्त प्रकाश वापरते आणि दहा ते वीस मायक्रॉनपर्यंतचे तपशील दाखवते. आजच्या स्टेंटची तार बहुधा साठ ते ऐंशी मायक्रॉन जाडीची असल्यामुळे ओसीटीत ती एकेक करून मोजता येते. शाखेत पुन्हा वायर नेताना ती जाळीच्या कोणत्या कप्प्यातून गेली, हे ओसीटीच्या त्रिमितीय चित्रात दिसते. ती शाखेच्या तोंडाशी, दोन नळ्या जेथे दुभंगतात त्या कंगोऱ्याला लागून असलेल्या पुढच्या कप्प्यातून जायला हवी, कारण मागच्या कप्प्यातून गेल्यास शाखेच्या तोंडावर आधाराविना तारा लोंबत राहतात. माझ्या मते या साधनाचे खरे मोल येथे आहे: चूक अजून सुधारता येण्याजोगी असताना ती दिसते.

याचा रुग्णाला किती उपयोग होतो, हे ‘ऑक्टोबर’ नावाच्या चाचणीने तपासले. डेन्मार्कमधील आरहूस येथील नील्स होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील ३८ केंद्रांत केलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. फाट्यावर गुंतागुंतीचा अडथळा असलेल्या १२०१ रुग्णांना चिठ्ठीच्या पद्धतीने दोन गटांत विभागले होते. साधारण दोन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, त्याच जागेमुळे हृदयविकाराचा झटका किंवा त्याच जागी पुन्हा उपचार, यांपैकी काही घडण्याचे प्रमाण ओसीटीच्या गटात १०.१ टक्के, तर केवळ अँजिओग्राफीच्या गटात १४.१ टक्के होते. म्हणजे शंभरांमागे चार जणांचा फरक. हा फरक मोलाचा आहे, तरी आकडा जपून वाचावा असे मी म्हणेन: सापेक्ष धोक्याचा अंदाज ०.७० असला (१ म्हणजे दोन्ही गटांत धोका सारखाच), तरी त्याची वरची मर्यादा ०.९८ आहे, म्हणजे फायदा फार थोडाही असू शकतो. शिवाय ओसीटीच्या गटात प्रक्रियेला वेळ जास्त लागला आणि डायही जास्त वापरली गेली.

त्याच वर्षी आलेल्या ‘इल्युमियन फोर’ या चाचणीत २४८७ रुग्ण होते. मधुमेही किंवा अवघड अडथळे असलेले. ओसीटीमुळे स्टेंटचे आतले क्षेत्रफळ वाढले, पण मुख्य वैद्यकीय निकषांत फरक सिद्ध झाला नाही (७.४ विरुद्ध ८.२ टक्के). मला यात विरोध दिसत नाही. जेथे रचनाच चकवणारी असते तेथे नजरेचा लाभ अधिक, इतकेच त्यातून सुचते. युरोपीय हृदयरोग संस्थेने २०२४ मध्ये डाव्या मुख्य धमनीतील (हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त पुरवणाऱ्या मूळ धमनीतील) अडथळे, खरे बायफर्केशन (मुख्य धमनी आणि शाखा दोन्हींत अडथळा) आणि लांब अडथळे यांसाठी आतील प्रतिमादर्शनाला सर्वोच्च दर्जाची शिफारस दिली, ती याच दिशेने जाते.

दोन साधनांत निवड करताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. ओसीटीला रक्त बाजूला सारून पाहावे लागते, त्यासाठी डायचा झोत लागतो. म्हणून मूत्रपिंड अशक्त असलेल्या रुग्णात, तसेच डावी मुख्य धमनी महाधमनीतून जेथे निघते त्या तोंडाशी, आयव्हीयूएस बरे. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०११ मध्ये याच डाव्या मुख्य धमनीसाठी स्टेंटच्या किमान क्षेत्रफळाचे टप्पे दिले: तिच्या दोन शाखांपैकी सर्कमफ्लेक्सच्या तोंडाशी ५, एलएडीच्या तोंडाशी ६, दोन्ही शाखांच्या संगमावर ७ आणि वर मुख्य धमनीत ८ चौरस मिलिमीटर. कॅथलॅबमध्ये आयव्हीयूएसचे चित्र समोर असताना हे आकडे आजही आठवले जातात.

आपल्याकडे अडते ते खर्चाशी. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लेपलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. प्रतिमादर्शनाचे कॅथेटर हा त्याहून वेगळा खर्च आहे, आणि तो रुग्णाला टाळता येण्याजोगा वाटतो. साध्या, सरळ अडथळ्यात तो टाळला तर मी हरकत घेणार नाही. डाव्या मुख्य धमनीच्या फाट्यावर दोन स्टेंट बसवायचे असतील, तर मात्र तो खर्च नंतर जोडायचा पर्याय न ठेवता शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच धरला जावा, असे माझे मत आहे.