हप्ता कमी करून मागताना

नमस्कार श्रोतेहो. एकटीनं मुलं वाढवणाऱ्या आणि गटाचं कर्ज फेडणाऱ्या तायांशी आज मला बोलायचं आहे. एकट्या बापांनीही ऐकावं, हिशेब तोच आहे.

नवरा वारला किंवा सोडून गेला की कमाई निम्म्यावर येते, हप्ता मात्र तेवढाच राहतो. अशा वेळी हप्ता कमी करून मुदत वाढवून द्यावी, असा अर्ज शाखेत देता येतो. नवरा वारला असेल तर त्याआधी कर्जाचे कागद काढा आणि विम्याची नोंद शोधा. बऱ्याच मायक्रोफायनान्स कर्जांत, म्हणजे गटातून तारणाशिवाय मिळणाऱ्या छोट्या कर्जांत, बाईबरोबर नवऱ्याचाही विमा उतरवलेला असतो आणि त्याचे पैसे कर्ज देतानाच कापलेले असतात. तसं असेल तर मृत्यूचा दाखला जोडून दावा करा. उरलेलं कर्ज त्यातूनच फिटू शकतं.

विमा नसेल तर अर्जाला घरखर्चाचा कागद जोडायचा, आणि नेमक्या याच कागदावर आपल्या बायका स्वतःवर अन्याय करतात. साहेबांना आपण उधळ्या वाटू नये म्हणून खर्च कमी लिहितात. दूध अर्धं लिहितात, स्वतःचं औषध तर लिहीतच नाहीत. कृपा करून असं करू नका.

समजा, एका ताईची महिन्याची कमाई 11,000 रुपये आहे. भाडं, किराणा, गॅस, वीज, मुलांची रिक्षा, औषधं मिळून 8,700 जातात. उरले 2,300. तिला वाटतं, एवढा हप्ता झेपेल. पण जूनमधले गणवेश आणि वह्या, परीक्षेची फी, दिवाळीचे कपडे, पावसाळ्यातला दवाखाना यांचं काय? हे वर्षाचे 9,600 धरले, तर बाराने भागून महिन्याला 800 होतात. म्हणजे खरी शिल्लक 1,500.

कमाईही तपासा. मूल तापानं फणफणलं की दोघांच्या घरात एक जण तरी कामावर जातो. एकटीच्या घरात खाडा पडतोच. म्हणून चांगल्या महिन्याची कमाई लिहू नका. खाडे धरून सहा महिन्यांची सरासरी लिहा. आठवड्याचा हप्ता असेल तर तो चारने गुणून थांबू नका, वर्षात 52 आठवडे असतात. आठवड्याचे 1,300 म्हणजे महिन्याचे 5,200 वाटतात, प्रत्यक्षात सरासरी 5,600 च्या वर जातात.

बाल संगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलाला महिना 2,250 रुपये मिळतात. त्यासाठी जरूर अर्ज करा. पण ते पैसे दरमहा वेळेवर येतीलच, असं धरून हप्ता कबूल करू नका. आले की शाळेसाठी बाजूला ठेवा.

मी आकड्यांचा एवढा आग्रह धरते, कारण कबूल केलेला आकडा बांधून ठेवतो. थकलेल्या कर्जाचं प्रकरण लोकअदालतीत गेलं आणि तिथे तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही. तिथे भीडेपोटी 2,300 म्हणालात आणि चौथ्या महिन्यात चुकलात, तर पुन्हा मागायला जागा उरत नाही. एकरकमी तडजोड, म्हणजे थोडी कमी रक्कम एकदम भरून कर्ज मिटवणार असाल तर हेही माहीत असू द्या, की पूर्ण फेड न होता कर्ज मिटवलं ही नोंद सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडे, राहते आणि पुढचं कर्ज अवघड होतं. मुदत वाढवली तर एकूण व्याज वाढतं, पण घर चालत राहतं. माझ्या मते लहान मुलं असताना हाच सौदा बरा. एका गटाचं उचलून दुसऱ्या गटात भरणं मात्र नको.

रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम तुमच्या बाजूचा आहे. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असं मायक्रोफायनान्स कर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन करायला मनाई आहे.

अर्ज हप्ता थकण्याआधीच द्या. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. शाखेत दाद मिळाली नाही, तर 15100 या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. 1987 च्या कायद्यानं स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.