पेटी उघडताना

[दृश्य: मनीषनगर, नागपूर. खिडकीत कूलरची घरघर. टेबलावर लॅपटॉप, बाजूला पाच-सहा संत्री.]

मार्च संपत आलाय. मृग बहाराची संत्री अजून येताहेत आणि कूलरच्या टाक्याही भरू लागल्या आहेत. या खोलीत एक मुलगी मामाच्या संत्र्यांसाठी वेब पान बनवते आहे. मामाची बाग काटोलकडे. मधला दलाल टाळून फळ थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवायचं, असं त्यांच्या मनात आहे.

पानावर तीन पेट्या: पाच किलो, दहा किलो, वीस किलो. पेटीला बोट लावलं की खाली भाव आणि तपशील उघडतो. पहिल्यांदा मामाजींनी बोट लावलं आणि फोन तिच्या हातात परत दिला.

"मी तं पेटीले बोट लावलं बाई, अन् हे दुसरंच पान आलं."

दुसरं पान आलंच नव्हतं. तपशील एकदम प्रकटला, खालच्या पेट्या एकदम खाली सरकल्या. आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र यांच्या मध्ये काहीच नव्हतं, म्हणून मामाजींची जागाच हरवली.

[दृश्य: स्क्रीनवर सीएसएसची एक ओळ टाइप होते आहे.]

हा मधला भाग भरतं ते ट्रान्झिशन. पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या सीएसएस या भाषेतली ही एक सोय. कुठून कुठे जायचं ते आपण सांगायचं, मधल्या पायऱ्या ब्राउझर काढतो. कोणता गुण बदलतोय, किती वेळात, कोणत्या चालीनं आणि किती थांबून, एवढं त्याला पुरतं. वेळ लिहिली नाही तर ती शून्य धरली जाते, म्हणजे मामाजींना दिसलं तेच.

एकेकाळी हे काम जावास्क्रिप्टकडे, म्हणजे पानावर चालणाऱ्या प्रोग्रामच्या भाषेकडे असे. 2006 मध्ये आलेल्या जेक्वेरी या तयार जावास्क्रिप्टच्या संग्रहात एखादी गोष्ट हळूच दिसू लागायला, वेगळं काही सांगितलं नाही, तर 400 मिलिसेकंद लागत. 2007 मध्ये अ‍ॅपलच्या वेबकिट या ब्राउझरच्या इंजिनावर काम करणाऱ्या मंडळींनी ते सीएसएसमध्ये आणलं, 2009 मध्ये त्याच्या प्रमाण नियमांचा मसुदा निघाला.

आता तिची पहिली चूक. बटणाचा रंग बदलायची ओळ तिनं फक्त होव्हरच्या, म्हणजे माउस बटणावर असतानाच्या नियमात लिहिली. माउस आला की रंग छान चढायचा, गेला की फटकन उतरायचा. ओळ बटणाच्या मूळ नियमात हलवली आणि दोन्ही बाजू सुधारल्या. ही चूक मीही केली आहे. न केलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

पेटीनं मात्र तिला दोन दिवस खाल्ले. तपशील किती उंच होईल हे मजकुरावर ठरतं, आणि 'मजकुराला लागेल तेवढी' अशा उंचीपर्यंतचं ट्रान्झिशन ब्राउझर वर्षानुवर्षं करतच नव्हते. मग लोकांनी जुगाड काढला: कमाल उंची शून्यावरून 1000 पिक्सेलपर्यंत न्यायची. तिनंही तेच केलं. पेटी उघडायची झटकन. मिटताना मात्र बोट लावलं की काहीच होत नसे, आणि मग एकदम मिटायची. कारण साधं आहे. तपशील खरा 200 पिक्सेलचा. अर्ध्या सेकंदात, एकसारख्या वेगानं 1000 वरून खाली येताना पहिले 400 मिलिसेकंद हवेतली उंची कमी होत राहते; दिसत काहीच नाही. 2024 मध्ये क्रोमनं हा प्रश्न सोडवणारी सोय दिली, पण जुन्या फोनसाठी तिनं ग्रिडच्या, म्हणजे चौकटींच्या मांडणीतल्या ओळीची उंची वाढवायचा मार्ग धरला.

[दृश्य: सीताबर्डी इंटरचेंज. ऑरेंज लाइनची गाडी झिरो माइलकडे निघते.]

चाल समजून घ्यायची तर मेट्रोत उभं राहा. गाडी हळू निघते, वेग घेते, पुढच्या स्टेशनाआधी हळू होते. पहिल्या क्षणापासून पूर्ण वेगात निघाली असती तर दांडी न धरलेले सगळे एकमेकांवर पडले असते. वेगाचा हा चढउतार सीएसएसमध्ये एका वक्ररेषेनं सांगतात. चार आकडे पुरतात. रेषेला बेझियर हे नाव मिळालं ते पिएर बेझियर यांच्यावरून. रेनो कंपनीत मोटारींच्या पत्र्याचा बाक आखायला ते असल्या रेषा वापरत.

पण पेटी म्हणजे मेट्रो नव्हे. पेटीला धक्का बोटानं आधीच दिलेला असतो. तिनं हळू सुरुवात केली तर माणसाला वाटतं, बोट लागलंच नाही. म्हणून इथे इझ-आउट: लगेच निघायचं, थांबताना हळू व्हायचं. 200 मिलिसेकंद. याहून जास्त रेंगाळणारी पेटी मला तरी स्वतःवरच खूश झालेली वाटते.

[दृश्य: काच तडकलेला स्वस्त फोन. पान अडखळत हलतं.]

मामाजींच्या फोनवर तरीही अडखळलं. पडदा सेकंदाला 60 वेळा रंगत असेल तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात. उंची बदलली की दर वेळी पानाची मांडणी नव्यानं मोजावी लागते. जागा न बदलता नुसतं सरकवणं, फिरवणं किंवा पारदर्शक करणं यात ती मोजणी टळते. पेटी उघडताना खालच्या पेट्या हलणारच, तेवढी मोजणी तिनं राहू दिली. पेटीवरचा बाण फिरवणं ट्रान्सफॉर्मवर, म्हणजे अशा नुसत्या सरकवण्या-फिरवण्याच्या सोयीवर टाकलं आणि पानाच्या कडेनं घरंगळत येणारी सजावटीची संत्री काढून टाकली.

ती संत्री जायला दुसरंही कारण होतं. मामींना चक्कर येते. त्यांच्या फोनवर हालचाल कमी करायचा पर्याय सुरू आहे आणि पानाला तो वाचता येतो. तिनं आधी त्या पर्यायाखाली सगळी ट्रान्झिशनं बंद केली. पेटी पुन्हा एकदम उघडू लागली आणि मामींना तोच प्रश्न पडला जो मामाजींना पडला होता. मग सरकणं बंद ठेवलं, मजकूर जागच्या जागी उमटू दिला.

[दृश्य: मामाजी फोन हातात घेऊन खुर्चीवर. कूलर बंद.]

रविवारी मामाजी आले. दहा किलोच्या पेटीला बोट लावलं. पेटी उघडली, बाण फिरला, वीस किलोची पेटी खाली सरकली.

ते बराच वेळ वाचत राहिले.

"हा भाव मांगच्या वर्षीचा हाय बाई," ते म्हणाले. "बदलून टाक."