डबा उघडल्यावर

मंडळी, टेबलावर कॉम्प्युटरचा हा जो डबा ठेवलाय त्याला काय म्हणता? सीपीयू, बरोबर? दुकानात सगळे तसंच म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, बिलावर मीही तेच लिहितो. पण हा नुसता पत्र्याचा डबा. खरा सीपीयू आत, या पंख्याखाली बसलाय. काडेपेटीएवढाही नाही. हिशोब सगळे तोच करतो आणि तापतो म्हणून डोक्यावर पंखा.

दुसरा घोळ ‘मेमरी’ या शब्दाचा. परवा एक काका आले. म्हणाले, कॉम्प्युटर रखडतोय, मेमरी फुल झाली असणार, मी निम्मे फोटो उडवले. फोटो गेले, रखडणं तसंच राहिलं. कारण फोटो होते हार्ड डिस्कवर आणि कमी पडत होती रॅम.

स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली आणि रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला की काय होतं? फोडणी करताकरता पिठाचा डबा कोठीत ठेवून या, लगेच कणीक मळायला तोच परत आणा. रॅम भरली की कॉम्प्युटरही हेच करतो, ओट्यावरचं सामान डिस्कवर नेऊन ठेवतो. आणि जुनी डिस्क म्हणजे खरोखरची फिरती चकती, मिनिटाला ७,२०० फेरे. सेकंदाला १२० झाले. आपल्याला प्रचंड वाटतात, पण रॅमपुढे ही चकती साधारण लाखपट मंद. तो कुरकुर आवाज येतो ना, ती चकतीवरच्या दांड्याची धावपळ. एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही, म्हणून ती टाकली की जुनं मशीनही पळायला लागतं. आणि दिवे गेले की ओटा साफ! कोठी तशीच राहते. म्हणून म्हणतो, टाइप करताना मधेमधे सेव्ह करा.

ही रॅमची पट्टी. काढण्याआधी प्लग काढायचा, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबल्या की पट्टी वर येते. खालची सोनेरी कड काळवंडलीय, दिसतेय? साधं खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं. चालू न होणारी कितीतरी मशीनं एवढ्यावर सुरू झालेली मी पाहिलीत. बसवताना पट्टीतली खाच आणि खोबणीतला उंचवटा जुळला पाहिजे. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या रॅमच्या दोन पिढ्या, त्यांची खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर ताकद लावू नका.

हा रुपयासारखा गोल सेल, ३ व्होल्टचा. प्लग काढला तरी घड्याळ यावर चालतं. काही वर्षांनी तो संपतो, तारीख मागे जाते आणि बँकेची साइट उघडायची बंद होते. इंटरनेटवाल्याशी भांडण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा.

आता पंख्यावर ब्लोअर मारतो. पाती बोटानं धरून ठेवायची, गरागरा फिरू द्यायची नाहीत. पहिल्या रांगेतल्यांनी तोंडाला रुमाल लावा.