धाव आखूड, मनगट तेच

(बडोद्यात होतकरू गोलंदाजांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, दोन आकड्यांनी सुरुवात करतो. २३ मार्च २००३, जोहान्सबर्ग, विश्वचषकाची फायनल: डावखुरा वेगवान गोलंदाज झहीर खानच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या, दिवसअखेर ७ षटकांत ६७ आणि बळी एकही नाही. २ एप्रिल २०११, वानखेडे, पुन्हा फायनल: पहिली ५ षटकं, त्यांतली ३ निर्धाव, ६ धावा, श्रीलंकेच्या थरंगाचा बळी. मधल्या आठ वर्षांत या माणसाने काय काय सोडून दिलं, ते मला दाखवायचं आहे.

बडोदं तसं फलंदाजांचं गाव. हजारे आणि गुल महंमद यांची होळकर संघाविरुद्धची ५७७ धावांची भागी अजून आपल्या तोंडी आहे. श्रीरामपूरचा झहीर मुंबईत प्रशिक्षक सुधीर नाईकांकडे आणि चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये शिकला आणि रणजी आपल्याकडून खेळला. २०००-०१ची फायनल आपण रेल्वेविरुद्ध २१ धावांनी जिंकलो, ती त्याच्या दुसऱ्या डावातल्या ४३ धावांत ५ बळींच्या जोरावर. त्या वेळी त्याचं भांडवल म्हणजे वेग, यॉर्कर आणि चेंडू सोडण्याआधीची ती उंच उडी.

उडीबद्दल थोडं थांबून बोलू. उडी जितकी उंच, तितकी धावण्याची गती पुढे जाण्याऐवजी वर जाते. खाली येताना पाय दर वेळी त्याच जागी पडत नाही. डोकं एका बाजूला कलतं, मनगट चेंडूच्या मागे राहत नाही आणि शिवण, म्हणजे चेंडूवरची टाक्यांची रेघ, डगमगते. मग चेंडू एकतर लेगला जातो, नाहीतर ओव्हरपिच होतो. अंगात जोश असला की पावलं लांबतात आणि नो-बॉल पडतो. शिवाय प्रत्येक उडीचा भार मांडीवर आणि पाठीवर येतो तो वेगळाच.

२००६मध्ये भारतीय संघाबाहेर असताना तो इंग्लंडमध्ये वूस्टरशरकडून काउंटी खेळला आणि एका हंगामात ७८ बळी घेतले. एसेक्सविरुद्ध एका डावात १३८ धावांत ९. त्याच सुमारास धाव (रन-अप) आखूड झाली, उडी खाली आली. रोज षटकं टाकायची तर शरीर पुरवून वापरावं लागतं. मुलांनो, धाव कमी करताना एक चूक सर्रास होते: चार पावलं कापतात आणि शेवटच्या तीन पावलांत घाईने सगळा वेग भरून काढायला बघतात. तोल तिथेच जातो. आधी शेवटच्या पाच पावलांची लय बसवा, मग मागे मोजत जाऊन खूण करा.

आता कोन. डावखुरा गोलंदाज ओव्हर द विकेट, म्हणजे टाकणारा हात यष्टींच्या जवळ ठेवून, आला की उजव्या फलंदाजाला चेंडू कोनाने बाहेर जातो. त्याला आत आणायचं तर शिवण फाइन लेगकडे कललेली आणि चकाकती बाजू ऑफकडे हवी. डावखुऱ्या फलंदाजाला झहीर अराउंड, म्हणजे यष्टींच्या दुसऱ्या बाजूने, जायचा. तिथून चेंडू बाहेर निघतोय असं वाटतं आणि मग तो आत येतो, किंवा तसाच निघून जातो. दोन्हींसाठी हात तोच, फरक फक्त शिवणीचा. दक्षिण आफ्रिकेच्या डावखुऱ्या ग्रॅम स्मिथला हे कोडं कधी नीट सुटलं नाही. २००७च्या इंग्लंडविरुद्धच्या ट्रेंट ब्रिज कसोटीत झहीरने दोन डावांत ४ आणि ५ असे ९ बळी घेतले. माझ्या मते त्याची सगळ्यात पूर्ण गोलंदाजी तीच.

जुन्या चेंडूवर नियम उलटतो, चेंडू चकाकीच्या बाजूला वळतो. म्हणून धावताना झहीर दुसऱ्या हाताने चेंडू झाकायचा, फलंदाजाला चकाकी दिसूच नये. पण हे एकट्याचं काम नाही. खडबडीत बाजूला एकाचाही घामेजलेला हात लागला की सगळं फुकट. २०११मध्ये बंगळूरला इंग्लंडविरुद्ध ३३८वर बरोबरी झाली, आठवतं? सामना हातातून गेला होता. त्याने लागोपाठच्या दोन चेंडूंवर बेल आणि १५८वर खेळणारा स्ट्रॉस काढले, मग कॉलिंगवूडचा त्रिफळा.

त्याच स्पर्धेत चेन्नईला ८१वर खेळणाऱ्या वेस्ट इंडीजच्या डेव्हन स्मिथचा त्रिफळा उडाला तो नकल बॉलवर. पकड अशी: तर्जनी आणि मधलं बोट वाकवून चेंडू त्यांच्या पेरांवर टेकवायचा, खाली अंगठ्याचा आधार. हात पूर्ण वेगाने फिरतो, पण बोटं चेंडूला मागून ढकलत नाहीत. त्यामुळे उलटी फिरकी फार कमी मिळते, चेंडू उशिरा पोचतो आणि अचानक खाली बसतो. स्पर्धेत झहीरचे २१ बळी झाले, आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक.

याच्या सरावाला आधी धाव नकोच. दहा-बारा पावलांवरून, उभ्यानेच टाका. चेंडू निसटून डोक्यावरून गेला तर अंगठा बाजूला सरकलाय. आखूड पडला तर हात आवरता घेतलाय, आणि हात आवरला की फलंदाजाला आधीच कळतं. मोबाइलवर समोरून चित्रण करा आणि नेहमीच्या चेंडूशेजारी ठेवून बघा. दोन्ही चित्रणांत खांदा सारख्याच वेगाने फिरला पाहिजे. तो फिरेपर्यंत सामन्यात टाकू नका.