दगडावरचा सातबारा

[पहाटेची तलावपाळी. पाण्यावर दिव्यांचे लांब पट्टे. सायकलींच्या चाकांची टिकटिक.]

पहाटेचे पावणेसहा. ठाण्याची तलावपाळी अजून पुरती जागी झालेली नाही. फेऱ्या मारणारे दोन-चार आजोबा, सायकलला किटली लटकवलेला चहावाला आणि कोपिनेश्वराच्या दारात चौदा सायकली. त्यातल्या तीन गिअरच्या, एक उधार आणलेली, आणि एका काकांची साधी दूधवाल्यासारखी काळी सायकल. दिवसभरात सगळ्यात कमी कटकट तिनेच केली, हे आधीच सांगून टाकतो.

आम्हाला घेऊन जाणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात, आम्हीही तेच म्हणणार. हेल्मेटचा पट्टा आवळत ते एवढंच सांगतात, "देवळं दिसतीलच. पण आज आपण निघालोय ते जमिनीचे कागद बघायला."

सगळे हसतात. डिसेंबरचा रविवार, थंडी, आणि कागद?

सर कोपिनेश्वराकडे हात करतात. आज दिसतं ते देऊळ पेशवाईतलं. पण गाव त्याहून फार जुनं. शिलाहारांच्या लेखांत ठाण्याचं नाव येतं श्रीस्थानक. नवव्या शतकापासून तेराव्यापर्यंत उत्तर कोकणावर या घराण्याचा अंमल होता. त्यातल्या अरिकेसरी राजाचे, म्हणजे इसवी सन १०१७ चे, ताम्रपट १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना मिळाले. त्या किल्ल्यात आज तुरुंग आहे. ताम्रपटात काय होतं? दान दिलेल्या गावांची नोंद. म्हणजे कागदच, फक्त तांब्याचा.

[माजिवडा, बाळकुम. उजाडत आहे. कशेळीचा पूल.]

माजिवड्याचा चौक ओलांडेपर्यंत बोलायची सोय नाही. बाळकुमच्या पुढे रस्ता खाडीकडे उतरतो आणि कशेळीच्या पुलावर एकदम मोकळं वाटतं. खाली उल्हास नदीची खाडी, ओहोटीचा चिखल, तिवरांच्या कडेने एक होडी. पाण्याला वास आहे, तो कॅमेऱ्यात येत नाही, हे बरंच.

पूल संपला की ग्रामीण भाग सुरू होईल अशी आमच्यातल्या निम्म्यांची समजूत होती. सुरू होतात गोदामं. काल्हेर, अंजूरफाटा, मानकोली. निळ्या पत्र्याच्या भिंती, एकामागे एक, मध्येच एखादं भाताचं खाचर, त्यात बगळे, पुन्हा गोदाम. तुम्ही मोबाइलवर काही मागवलं असेल तर ते इथल्याच एखाद्या पत्र्याखालून निघालं असण्याची दाट शक्यता आहे.

ही गोदामं इथेच का? मुंबईत माल नेला की जकात पडायची. हद्दीच्या बाहेर, ग्रामपंचायतीच्या जमिनीवर माल उतरवला की ती लगेच पडत नसे. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं राहिली आणि वाढली.

आणि इथे सर सायकल थांबवून, कंटेनरच्या आवाजावर आवाज चढवून, आजची पहिली खरी गोष्ट सांगतात. शके १०१६, म्हणजे इसवी सन १०९४. शिलाहार राजा अनंतदेव. खारेपाटणला सापडलेल्या त्याच्या ताम्रपटात भाभण श्रेष्ठी आणि धनाम श्रेष्ठी या दोन अमात्यांच्या मालाला बंदरांवर जकात माफ केल्याची नोंद आहे. कोणती बंदरं? श्रीस्थानक म्हणजे हे ठाणं, शूर्पारक म्हणजे सोपारा, चेमूल्य म्हणजे चौल. एकाला जकात माफ, बाकीच्यांना भरा.

काळ्या सायकलवाले काका म्हणतात, "म्हणजे काहीच बदललं नाही." सर म्हणतात, "बदललं ना. तेव्हा कुणाला माफ केली ते तांब्यावर खोदून ठेवायचे."

[मुंबई–नाशिक महामार्ग. सायकली एका रांगेत.]

मानकोलीपासून सोनाळ्यापर्यंत महामार्गाची कडा धरावी लागते. या पट्ट्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. डावीकडे राहायचं, मागचा दिवा लावायचा, हातवारे मोठे करायचे. उधारीच्या सायकलचं मागचं चाक इथेच बसलं. ट्रकचे टायर काढणाऱ्या एका पोराने ट्यूब बाहेर ओढली, पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडा धरला, आणि एवढ्याशा चाकाकडे बघून पैसे घ्यायला नकोच म्हणाला. बळेच दिले.

सोनाळ्याला महामार्ग सोडला की आवाज मिनिटभरात मागे पडतो. भात कापून झालंय. शेतांत बोटभर धसकटं उरलीत, आणि त्याच ओलीवर वाल उगवून आलाय. घरांच्या मागे पेंढ्याच्या उडव्या. रस्ता चढतो, वळतो, पुन्हा चढतो. "चढ दिसला की आधी गिअर उतरवा, चढात उतरवू नका," हे सर सकाळपासून तीनदा सांगून चुकलेत. तरी दोघांच्या चेन पडल्याच.

[लोनाड. टेकडी, पायवाट, लेण्याचा ओसरा.]

लोनाड. तलावपाळीपासून इथवर पंचवीस-तीस किलोमीटर. सायकली खाली ठेवून टेकडीच्या निम्म्यापर्यंत चढायचं. वर एक बौद्ध लेणं आहे, पाचव्या-सहाव्या शतकातलं. आतमध्ये आज खांडेश्वरी देवी बसली आहे. खण-नारळ आहेत, घंटा आहे. बुद्धाच्या लेण्यात देवी, यात गावाला काही वावगं वाटत नाही.

इथे बघायचा तो बाहेरच्या भिंतीवरचा शिल्पपट. कॅमेरा जवळ नेतो. दगड खडबडीत, पावसाने चेहऱ्यांची नाकं-डोळे धुऊन नेलेत. पण बसण्याची ढब शिल्लक आहे. मधोमध आसनावर राजा, एक पाय खाली सोडलेला. भोवती माणसांची दाटी. राजाचं तोंड दिसत नाही, तरी तो निवांत आहे हे त्या सोडलेल्या पायावरून कळतं.

अभ्यासक या दरबाराचा संबंध वेस्संतर जातकाशी जोडतात. जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट. वेस्संतर म्हणजे दान देण्यात हात न आखडणारा राजपुत्र. राज्याचा पांढरा हत्ती देऊन टाकला म्हणून लोकांनी त्याला हाकललं. वनात गेल्यावर त्याने मुलंही दिली, शेवटी बायकोही. आमच्यातल्या एक ताई शांतपणे विचारतात, "बायकोला विचारलं होतं का?" सरांकडे याचं उत्तर नाही. आमच्याकडेही नाही.

[गावातलं शिवमंदिर. वरून ऊन.]

खाली उतरून गावातल्या देवळाशी येतो. शिलाहारकाळातलं शिवमंदिर. आता मंदिर म्हणावं की मंदिराचं उरलेलं, हा प्रश्नच आहे. शिखर गेलंय, मंडपावर आभाळ आहे. पण आत पाऊल टाकलं की गाभारा खाली उतरतो, पायऱ्यांनी, जमिनीच्या पोटात. बाहेर अकराचं ऊन आणि आत हात लावावा तो दगड गार.

असाच खाली उतरणारा गाभारा अंबरनाथला आहे, वालधुनीच्या काठी. त्या देवळातल्या लेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० असं साल आहे आणि राजाचं नाव आहे मामवाणी. अंबरनाथला शिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते. दगड तोच काळा, घराणं तेच, पण इथे आज आमच्याखेरीज एक पुजारी, एक कुत्रं आणि उन्हात बसलेल्या आजी.

सर भिंतीशी उकिडवे बसतात. वाळलेलं पिंपळपान उचलून दोन दगडांमधल्या सांध्यात सरकवू बघतात. पान दुमडतं, आत जात नाही. या सांध्यात चुना नाही. दगडावर दगड, घडवून, घासून, नुसत्या वजनावर बसवलेला. छतही तसंच. प्रत्येक थर खालच्या थराच्या थोडा पुढे काढायचा, असं करत चारी बाजू मध्यावर भेटवायच्या. वरचं वजन आहे तोवर सगळं जागेवर. एकदा का फटीत पिंपळाचं मूळ शिरलं, दरवर्षी कोकणचा पाऊस त्याला पोसत गेला, आणि वरचा एक दगड हलला, की खालच्या सगळ्यांचा तोल जातो. शत्रूची गरजच लागत नाही.

आजी एवढा वेळ आमच्याकडे बघत आहेत. "कुठशी आलाव?"

"ठाण्याहून, आजी."

"सायकलीवं?" मग जरा विचार करून, खऱ्याच काळजीने, "यष्टी बंद हाय का काय?"

त्यांच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट झाली. चौदा माणसांना पुरवठ्याला येईल एवढी सुकट त्यांनी कुठून काढली, देव जाणे.

[चौधरपाडा. शेताच्या कडेचा उभा दगड.]

आणि आता ज्यासाठी सर आम्हाला एवढं दामटवत आले ते. लोनाडजवळचा चौधरपाडा. एक उभा दगड. वर चंद्र-सूर्य, मध्ये नागरी अक्षरांच्या ओळी, आणि सगळ्यात खाली एक गाढव आणि एक स्त्री. अशा दगडाला म्हणतात गद्धेगळ.

अक्षरं वरून बघितली तर नुसती खरखर दिसते. सर बाटलीतलं पाणी दगडावर शिंपडत नाहीत, खडू तर लांबच. ते म्हणतात, थांबा. ऊन तिरकं होऊ द्या. वीस मिनिटं आम्ही बांधावर बसून राहतो. मग सावली अक्षरांच्या खाचेत उतरते आणि ओळ उभी राहते. माझ्या बोटासमोर एक 'श' होता, चक्क ओळखीचा. आठशे वर्षांपूर्वीचा 'श' आपल्याला वाचता येतो, याने मला जो आनंद झाला तो सायकलीच्या कुठल्याही उताराने दिला नव्हता.

लेख शके ११६१ चा, म्हणजे इसवी सन १२३९-४० मधला. राजा केशिदेव, अपरादित्याचा मुलगा. शोंपेश्वर महादेवाच्या भक्ताला ब्रह्मपुरी नावाचं गाव दान दिलं, आणि बापग्रामातली जागा देवाच्या पूजकांना दिली, असा त्याचा आशय. काय दिलं, कोणी दिलं, कोणाला, कधी. चंद्र-सूर्य म्हणजे मुदत: ते आहेत तोवर. काळ्या सायकलवाले काका तहसील कचेरीत नोकरीला होते. ते पुढे वाकून म्हणतात, "हा सातबारा नव्हे हो. हे बक्षीसपत्र." सर मान्य करतात.

मग गाढव कशाला?

सर घसा खाकरतात. हे दान कोणी मोडलं तर काय, त्याची ती शिक्षा. म्हणजे शाप. राजा उद्या नसेल, शिपाई नसेल, अक्षर ओळखणारा तर गावात एखादाच. पण चित्र सगळ्यांना कळतं. अपरादित्याच्या शके ११०८ च्या परळच्या लेखात हाच शाप चक्क मराठीत लिहिलाय. सुरुवात अशी: "अथ तु जो कोणुहुवि ए शासन लोपी". म्हणजे जो कोणी हे शासन मोडेल. पुढे त्याच्यावर सहकुटुंब देवाचा कोप आहे, आणि त्याच्या पुढचं वाक्य या व्हिडिओत ऐकवता येणार नाही. आईचा उल्लेख आहे आणि गाढवाचा आहे, एवढ्यावर भागवा.

जमीन लाटणाऱ्याला शिवी घालायची, आणि तीही त्याच्या आईवरून. दगड कोरणाऱ्याने ती बाईच कोरली, लाटणारा कुठेच कोरला नाही. ताई एवढंच म्हणाल्या आणि पाण्याची बाटली उघडली.

[परतीचा रस्ता. उतरतं ऊन. बापगावची पाटी.]

परत जाताना महामार्ग टाळायचा म्हणून कल्याणची वाट धरतो. गांधारीच्या पुलावरून कल्याणात शिरायचं. पाय भरून आलेत, कोणी बोलत नाही. आणि एका वळणावर सर हात वर करून सगळ्यांना थांबवतात.

पाटी. बापगाव.

दगडावरचं बापग्राम. देऊळ पडलं, राजघराणं गेलं, ब्रह्मपुरी नकाशात शोधावी लागते, आणि हे नाव मात्र सरकारी पाटीवर, टेम्पोच्या पाट्यावर आणि वडापावच्या गाडीवर. आम्ही चौदा जण पाटीसोबत फोटो काढायला लागतो. कोण तिला हात लावतंय, कोण मिठी मारतंय.

मागे एक मोटारसायकल थांबते. पांढरा शर्ट, काळा चष्मा. आमची हेल्मेटं, आमचे कॅमेरे, पाटीभोवतीचा घोळका, सगळं तो एकदा नीट बघून घेतो.

"जागा बघायला आलात का साहेब? आहे आपल्याकडे. रोडटच. गोदामाला एकदम बरोबर." खिशातून कार्ड निघतं. "टायटल क्लिअर आहे."

सर कार्ड हातात घेतात, उलटसुलट करून बघतात.

"किती सालापासून?"