चार हजार शब्द आणि एक प्रश्न

(दृश्य: पौडच्या पुढचा रस्ता, दोन्ही बाजूंना भातखाचरं, समोर टेकडी)

पौड मागे पडलं की मुळशीचं खोरं उलगडायला लागतं. इथल्या खुबवली गावाजवळ, टेकडीच्या माथ्यावर, १९९७ साली महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं. पुण्यातच स्थायिक झालेले वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी त्याच्या इमारती रचल्या, इथल्याच काळ्या दगडात. जगभरातली मुलं अकरावी-बारावीच्या वयात इथं येतात, दोन वर्षं एकत्र राहतात आणि शेवटी एक परीक्षा देतात. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजेच आयबी डिप्लोमा. नाव डिप्लोमा असलं, तरी हा तंत्रनिकेतनातला अभ्यासक्रम नव्हे. तो आहे बारावीच्या तोडीचा, विद्यापीठाच्या उंबरठ्यावरचा.

(दृश्य: जिनिव्हा, सरोवराकाठचं शहर, जुनी छायाचित्रं)

या परीक्षेचं मूळ जिनिव्हात आहे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाचं कामकाज तिथून चालू लागलं. देशोदेशीचे अधिकारी कुटुंबकबिल्यासह तिथं आले आणि त्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. मुलं एकत्र शिकायची खरी, पण शेवटच्या वर्षांत वाटा फुटायच्या. फ्रान्समध्ये पुढं शिकायचं तर तिथली परीक्षा, इंग्लंडला जायचं तर तिथली वेगळी. जगाकडे एकत्र बघायला शिकलेला वर्ग परीक्षेपुरता आपापल्या देशांत विभागला जायचा.

१९४८ मध्ये या शाळेच्या प्रमुख मारी-तेरेझ मोरेत यांनी युनेस्कोसाठी एक पुस्तिका लिहिली. शांततेचं शिक्षण देण्याची काही तंत्रं असतात का, हा तिचा विषय. दुसरं महायुद्ध संपून तीनच वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं की या प्रश्नाचं वजन कळतं.

सगळ्यांसाठी एकच परीक्षा असावी, हा विचार पुढे शिक्षकांनीच लावून धरला आणि १९६८ मध्ये जिनिव्हातच आयबीची रीतसर स्थापना झाली. पहिले महासंचालक होते ऑक्सफर्डचे अ‍ॅलेक पीटरसन. इंग्लंडमधली मुलं सोळाव्या वर्षीच तीन विषयांत कोंडली जातात, हे त्यांना पटत नव्हतं. म्हणून इथं विषय सहा. विज्ञानाची आवड असली तरी साहित्य सुटत नाही आणि इतिहासाचं वेड असलं तरी गणित करावंच लागतं. त्यातले साधारणपणे तीन विषय वरच्या पातळीवर, प्रत्येकी २४० तासांचे. उरलेले १५० तासांचे.

(दृश्य: ग्रंथालय, टेबलावर उघडी वही, खाडाखोड केलेलं पान)

पण विषयांखेरीज या डिप्लोमाचे आणखी तीन भाग असतात. त्याचा गाभा मला दिसतो तो त्यांतल्या पहिल्यात, दीर्घ निबंधात. चार हजार शब्दांची मर्यादा, आणि प्रश्न विद्यार्थ्यानं स्वतः शोधायचा.

समजा, या टेकडीवरच्या एका मुलीनं इतिहास घेतला. तिला मुळशी सत्याग्रहावर लिहायचंय. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली, टाटांच्या धरणाविरुद्ध याच तालुक्यातले मावळे उभे राहिले, तो हा लढा. ती मार्गदर्शकाकडे जाते. ते म्हणतात, "अगं, हा विषय झाला, प्रश्न कुठाय?" ती पुन्हा लिहून आणते: सत्याग्रह का फसला? "हा तर ग्रंथाचा ऐवज झाला. चार हजारांत मावेल का?" मग ती वाचत सुटते. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली, पुराभिलेखागारातले कागद. जमीन कसणाऱ्या कुळांना जमीन सोडायची नव्हती आणि बऱ्याच सावकार-जमीनदारांना भरपाईत रस होता, हे तिला वाचता वाचता उमगतं. मग प्रश्न बसतो: या फुटीमुळे आंदोलन कितपत दुबळं झालं?

त्या "कितपत"मध्ये सगळी मेहनत आहे. आता तिला पुरावा तोलावा लागणार, विरुद्ध बाजू मांडावी लागणार. मार्गदर्शक तीन ते पाच तासच देऊ शकतात, पूर्ण कच्च्या खर्ड्यावर एकदाच अभिप्राय देतात, आणि शेवटी समोर बसवून तोंडी विचारतात: हे कसं सुचलं, इथं वाट का बदलली? तपासणारा परीक्षक बाहेरचा असतो. निबंधाला सगळ्यात खालची श्रेणी मिळाली, तर बाकी सगळं उत्तम असूनही डिप्लोमा हातचा जातो.

सतराव्या वर्षी स्वतःचा प्रश्न घेऊन इतके महिने झुंजायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे हुशार मुलांची ही दोन वर्षं बहुतेक दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं घोटण्यात जातात. ती मुलं यात कुठंही कमी पडली नसती, याची मला खात्री आहे.

(दृश्य: टेबलावर तीन वस्तू)

दुसरा भाग ज्ञानमीमांसेचा, म्हणजे आपल्याला जे माहीत आहे ते कशाच्या आधारे, हे तपासण्याचा. त्यात एक छोटं प्रदर्शन मांडायचं असतं. ठरवून दिलेल्या ३५ प्रश्नांतला एक निवडायचा आणि आपल्या जगातल्या तीन वस्तूंमधून त्याला भिडायचं. एखाद्या दाव्यावर शंका कशाच्या आधारे घ्यावी? या प्रश्नासाठी घरातलं पंचांग, मोबाइलवरचा पावसाचा अंदाज आणि आजोबांच्या नावचा सातबारा मांडता येईल. तिन्ही काहीतरी ठामपणे सांगतात, पण तिन्हींवर विश्वास ठेवण्याची कारणं निराळी.

तिसरा भाग सर्जनशील काम, शारीरिक उपक्रम आणि सेवेचा. याला गुण नाहीत, पण तो पुरा केल्याशिवाय डिप्लोमाही नाही.

गुणांचा हिशेब सोपा. सहा विषयांचे प्रत्येकी सात, म्हणजे ४२. निबंध आणि ज्ञानमीमांसा मिळून जास्तीत जास्त तीन. एकूण ४५. बाकीच्या अटी पाळून किमान २४ हवेत. भारतीय विद्यापीठ संघ याला बारावीच्या समकक्ष मानतो. मात्र अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयला जायचं असेल तर विषय पहिल्याच दिवशी जपून निवडा. जेईई आणि नीट काही चुकत नाहीत.

(दृश्य: शाळेचं फाटक, सकाळची वेळ)

आता खर्चाचं. भारतात हा डिप्लोमा मुख्यतः खासगी शाळांत आहे आणि वर्षाचं शुल्क लाखांच्या घरात जातं. मुळशीच्या कॉलेजात आर्थिक गरज पाहून शिष्यवृत्त्या मिळतात, पण जागा थोड्या. हे असंच असायला हवं असं नाही. अमेरिकेत आयबीच्या बहुतांश शाळा सरकारी आहेत. इक्वेडोरसारख्या देशानं २००६ मध्ये करार करून हा डिप्लोमा आपल्या सरकारी शाळांमध्ये नेला. तिथं जमतं, तर महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावी एखाद्या सरकारी कनिष्ठ महाविद्यालयात का जमू नये, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

आणि मराठी घरांतल्या मुलांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. शाळेत आपल्या भाषेचे शिक्षक नसले, तरी मातृभाषेतलं साहित्य शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यासण्याची सोय या डिप्लोमात आहे. नऊ साहित्यकृती वाचायच्या, त्यांतल्या किमान चार मूळ त्या भाषेतल्या, किमान तीन अनुवादित. आयबीच्या भाषांच्या यादीत नसलेल्या भाषेचीही मागणी करता येते. अट एवढीच, की भाषेत पुरेसं लिखित साहित्य हवं. मराठीत त्याची वानवा नाही. पण मागणी वेळेत जावी लागते. तेव्हा प्रवेश घेतानाच आयबी समन्वयकांना गाठा आणि मराठीचं विचारा.